स्केल चेंजर पेटी : अकरा महिने, एक मंडळी आणि मेघस्तंभाचं गाणं

दुकानदारानं विचारलं, "काका, क्लासिकलला पाहिजे की भजनाला?"

मी म्हटलं, "चर्चला."

तो जरा घुटमळला. "म्हणजे पियानोसारखी?"

"नाही हो. ढोलकी, टाळ, पेटी. तुमच्या भजनी मंडळासारखंच. फक्त आमच्यात म्हाताऱ्याकोताऱ्या, बाप्ये, पोरंसोरं सगळी एकदम गातात, आणि त्यातली निम्मी बेसूर."

मग त्याला नीट कळलं. मागच्या फळीवरून त्यानं एक स्केल चेंजर पुढे ओढली. तीच ही पेटी. डबल रीड, म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन सूर, एक जाड खर्ज आणि एक वरचा नर; एकोणचाळीस पट्ट्या, म्हणजे सव्वातीन सप्तकं; कपलर, म्हणजे एक पट्टी दाबली की सप्तकाच्या अंतरावरची दुसरीही दाबणारी सोय; आणि नऊ घरं सरकणारा पट्ट्यांचा पाट. बेचाळीस हजार सांगितले, एकोणचाळीसला दिली. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही करणार आहे, आणि कारागिराची चूक किती नि माझी किती याचा निवाडा माझा मलाच झालेला नाही.

माझ्याबद्दल एवढंच की एसटीत अठ्ठावीस वर्षं कंडक्टर होतो, आता राहुरी तालुक्यातल्या आमच्या चर्चच्या छोट्या मंडळीत गाणी सांगतो. पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडे, तीन गावं आहेत, त्यामुळे ते येईपर्यंत उपासनेचा पहिला अर्धा तास माझ्या ताब्यात असतो. पेटी मी कुणाकडे शिकलो नाही. बघून बघून बोटं बसली. म्हणून हे परीक्षण वादकाचं समजू नका. ज्याला पन्नास-साठ माणसांकडून गाणं म्हणवून घ्यायचं असतं, अशा माणसाचं हे मत आहे.

आधीची पेटी साधी होती, मिशनच्या शाळेतून आलेली. ती उंदरांनी संपवली. चर्चच्या कपाटात सहा दिवस बंद आणि रविवारी उघडी, असं तिचं आयुष्य. एका रविवारी भाता ओढला तर नुसती हवा. चामडं कुरतडून आत घरटं केलेलं, आणि घरट्यात गीतपुस्तकाची दोन पानं. महिला मंडळानं पैसे उभे केले. आमच्याकडे बायका रोज भाकरीचं पीठ मळताना एक मूठ धान्य देवासाठी वेगळं काढतात. ते साठवून विकायचं. दीड वर्षाची बाजरी आणि ज्वारी या पेटीत गेली आहे, म्हणून ती मी जरा जास्तच बारकाईनं तपासली.

आता गाण्याचं सांगतो, त्याशिवाय पेटीची गंमत कळणार नाही.

आमच्या मंडळीचं स्वतःचं एक गाणं आहे. ते कुठल्या पुस्तकात छापलेलं नाही. मिशन शाळेतल्या एका गुरुजींनी ते १९७२च्या दुष्काळात केलं. मी तेव्हा आठ वर्षांचा. नगर जिल्ह्यात तेव्हा निम्मं गाव खडी फोडायला जात होतं, माझी आईसुद्धा. आम्हा पोरांना सुकडी मिळायची. कुठं जावं, कुठं काम निघेल, गाव सोडावं की राहावं, हेच घरोघर बोलणं. त्यात गुरुजींनी बायबलमधल्या निर्गमच्या तेराव्या अध्यायातला तो प्रसंग घेतला, वाळवंटात लोकांच्या पुढे दिवसा मेघस्तंभ आणि रात्री अग्निस्तंभ चालायचा तो. खडीच्या ढिगावर बसून बायका हे गाणं म्हणायच्या. हातोडीचा ठेका त्याला आपोआप मिळाला. धृपद असं आहे :

चाल म्हणे तर चालू आम्ही, थांब म्हणे तर राहू;
मेघ प्रभूचा पुढती चाले, मागुन आम्ही येऊ.

चाल भूप रागातली, ताल केरवा. कडवी तीन. पहिलं मेघाचं, दुसरं अग्नीचं. तिसरं मात्र गणनाच्या नवव्या अध्यायातलं आहे. मेघ निवासमंडपावर, म्हणजे देवाच्या तंबूवर, थांबला की लोकांनीही थांबायचं, मग ते दोन दिवस असोत की महिना. गाणं आनंदाचं आहे, टाळ्यांचं आहे, आणि तरीही त्यात थांबण्याचं एक अख्खं कडवं आहे. दुष्काळात केलेलं गाणं असल्यामुळे असेल.

हे गाणं मी वर्षानुवर्षं काळी तीनवरून, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीवरून, वाजवत आलो. कारण साधं आहे. भूपात पाच सूर, आणि काळी तीनला सा धरला की पाचही सूर काळ्या पट्ट्यांवर येतात. पांढऱ्या पट्टीला हात लावायचा नाही, चुकायची भीती नाही. माझ्यासारख्या अडाण्याला याहून सोपं काही नाही. शिवाय माझा आवाज मुळातच उंच. "शिरूर, शिक्रापूर, वाघोली, पुणे!" असं स्टँडवर ओरडून ओरडून तो तिथंच बसला आहे. काळी तीन मला झकास लागायची.

मंडळीला लागत नव्हती. हे मला कळायला किती वर्षं लागली ते सांगायची लाज वाटते. बाप्यांना ती पट्टी फार उंच, वरचा सा आला की त्यांच्या मानेच्या शिरा ताणायच्या. बायकांना ती फार खाली, धृपदाची सुरुवात त्यांच्या गळ्यातून निघायचीच नाही, नुसतं पुटपुटणं. दुसऱ्या कडव्यात "अग्नी" या शब्दावर तार गंधार, म्हणजे वरच्या सप्तकातला ग, आहे. तिथं मी एकटा. मला वाटायचं, लोकांमध्ये आनंदच उरला नाही. एकदा तर गाणं मध्येच थांबवून मी दोन शब्द सुनावलेही होते, की स्तोत्रकर्ता हर्षाचा गजर करा म्हणतो आणि तुम्ही माना खाली घालून काय बसता. लोक बिचारे ऐकून घेत. दोष त्यांच्या विश्वासात नव्हता, माझ्या पट्टीत होता.

या पेटीनं ते पहिल्याच रविवारी उघडं पाडलं.

स्केल चेंजर म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. साध्या पेटीत प्रत्येक पट्टीखाली तिचाच सूर असतो, कायमचा. इथं पट्ट्यांचा अख्खा पाट खालच्या सुरांवर डावीउजवीकडे सरकतो. बाजूची खुंटी उचलायची, पाट मोकळा होतो, एक घर सरकवायचा, खुंटी परत बसवायची. बोटं तिथंच, सूर वेगळा. माझ्या पेटीत मधल्या खुणेपासून चार घरं खाली आणि चार घरं वर जाता येतं. म्हणजे मी काळी तीनच वाजवतो, त्याच पाच काळ्या पट्ट्या. पण पाट चार घरं खाली नेला की ऐकू येते पांढरी दोन.

पांढरी दोनला आमची मंडळी उघडली. दुसरा शब्द सुचत नाही. बाप्ये खालच्या सप्तकात आरामात, बायका त्याच सुरात वरच्या सप्तकात, दोघांचाही वरचा सा पोचण्यासारखा. तार गंधार अजूनही थोड्यांनाच लागतो, तो मी आणि ढोलकीवाला पोरगा घेतो. बाकीचे तिथं टाळी देतात. थोरल्या आक्का, ज्यांनी १९७२ साली खडीवर हे गाणं म्हटलेलं आहे, उपासना संपल्यावर जवळ आल्या. "सलाम, कंडक्टर," म्हणाल्या. "आज गाडी जमिनीवरून चालली."

शुक्रवारी महिला मंडळाची प्रार्थना असते. तिथं बाप्ये नसतात. मग पाट उलटा, मधल्या खुणेपासून दोन घरं वर. काळी चार. तेच गाणं, तीच बोटं. या एका सोयीसाठी एकोणचाळीस हजारांपैकी मी पस्तीस हजार देईन.

आता तक्रारी.

खुंटी. ती पूर्ण खाली बसली नाही तर पाट दोन घरांच्या मध्ये अडकतो, आणि एक पट्टी दाबली की शेजारचे दोन सूर एकदम रडतात. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, हे झालं. पोरं हातात झावळ्या घेऊन दारातून आत येतायत, मी थाटात सा दिला, आणि पेटीतून मांजर ओरडली. सरकवल्यावर एक पट्टी दाबून ऐकायची सवय आता लावून घेतली आहे. पट्ट्या दाबलेल्या असताना पाट कधीच हलवायचा नाही, हे दुकानदारानं सांगितलं होतं. खुंटीचं सांगितलं नव्हतं.

वजन. खोक्यासकट सतरा किलोच्या आसपास. पुण्याहून मी ती एसटीनंच आणली, मांडीजवळ धरून, आणि नगरला गाडी बदलताना दोन वेळा वाटलं की साधीच घ्यायला हवी होती. जी माणसं घरोघर प्रार्थनेला पेटी घेऊन जातात त्यांनी हा विचार आधी करावा. मोटरसायकलवर ही नेता येत नाही. आम्ही घरसभेला आता नुसती ढोलकी आणि टाळ नेतो.

पावसाळा. जुलैत एक काळी पट्टी फुगली आणि दाबली की खालीच राहायला लागली. भूपातली काळी, म्हणजे माझ्या पाचपैकी एक! त्या काळात एक महिना मी दुसऱ्याच गाण्यांवर निभावून नेलं. ऊन पडल्यावर ती आपोआप सुटली. लाकूड पुरतं वाळलेलं नसावं असा माझा संशय. दुकानदार म्हणतो चर्चच्या भिंतीला ओल आहे. ओल आहे हेही खरंच.

आणि खर्जातला एक सूर सप्टेंबरात मुका झाला. फोन केला तर उत्तर आलं, "पुण्याला घेऊन या." सतरा किलो! मी जरा आवाज चढवला. तेव्हा फोन मागच्या खोलीतल्या मिस्त्रींकडे गेला. भला माणूस. त्यांनी विचारलं, "झाकण काढता येतं ना? कागदाची बारीक पट्टी घ्या, त्या सुराच्या जिभेखालून हळूच ओढा. पितळ वाकवू नका." केलं. कचऱ्याचा एक कण निघाला, बाजरीच्या कोंड्याएवढा. सूर बोलला. सेवेबद्दल गुण द्यायचे तर काउंटरला दोन आणि मागच्या खोलीला पाच.

आवाजाबद्दल. दोन्ही सूर उघडे ठेवून कपलर लावला की आमच्या चर्चला ही पेटी भरपूर पुरते, माइक लागत नाही. पण कपलर लावला की पट्ट्या जड होतात, बोटांत गोळे येतात, आणि मुख्य म्हणजे लोकांचा आवाज झाकला जातो. नवी पेटी म्हणून पहिले दोन महिने मी सगळं उघडं ठेवून वाजवली. मग ढोलकीवाल्यानंच सांगितलं, "काका, तुम्ही एवढं जोरात वाजवता की लोक ऐकत बसतात." त्या दिवसापासून कपलर बंद, खर्ज बंद, फक्त नर. धृपद दोनदा झालं, लोकांनी धरलं, की मी भाताही हलका करतो.

आणि तिसऱ्या कडव्याला पेटी बंदच. मेघ थांबला, तळ पडला, तिथं मी हात उचलतो. ढोलकीही थांबते. उरते टाळी आणि गळे. याची तालीम कुणालाच दिली नव्हती. एकदा ईस्टरच्या पहाटे, पुनरुत्थानाच्या उपासनेला आम्ही नेहमीप्रमाणे स्मशानभूमीत जमलो होतो, अंधारात, कंदील घेऊन. गार वाऱ्यात माझी बोटं आखडली आणि तिसऱ्या कडव्याला मी सहज हात काखेत घातले. गाणं थांबलंच नाही. साठ माणसं "थांब म्हणे तर राहू" म्हणत होती, टाळ्या वाजवत होती, आणि सूर खाली उतरला नव्हता. कडवं संपल्यावर मी परत सा दाबला. जुळला. तेव्हापासून ते तसंच चाललं आहे. पेटीत हवा टिकून राहते, भाता गळत नाही, म्हणून थांबून परत सुरू करताना ती दचकत नाही. या बाबतीत कारागिराला पूर्ण गुण.

पोरांचं म्हणणं होतं की पेटीऐवजी कीबोर्ड घ्यावा. बाजूच्या गावातल्या युवक संघाकडून एक आणून दोन रविवार वाजवून पाहिला. बटण दाबलं की पट्टी बदलते, खुंटी नाही, मांजर नाही, वजन निम्म्याहून कमी. हे सगळं खरं आहे. पण पोरांनी त्यात तयार ठेका लावला. तो ठेका कुणासाठी थांबत नाही. आक्कांना दुसऱ्या ओळीला श्वास घ्यायला अर्धी मात्रा जास्त लागते, ढोलकीवाला ती देतो, कीबोर्ड देत नाही. दुसऱ्या रविवारी वीज गेली आणि प्रश्न मिटला.

पेटी परदेशी, म्हणून कधी कधी आमच्याच लोकांना ती मिशनरींची वाटते आणि बाहेरच्यांना भजनाची. हार्मोनियमचं पेटंट फ्रान्समधल्या दबॅं यांनी १८४२ साली घेतलं. मांडीपुढे ठेवून हातानं भाता मारायची पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांची. आकाशवाणीनं १९४० साली तिला बाहेरच काढलं होतं, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, घेता येत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, लागत नाहीत म्हणून. १९७१नंतर ती बंदी सैल झाली. शास्त्रीयवाल्यांची तक्रार रास्त असेल. पण साठ माणसांना एका सुरावर आणायचं तर न हलणारा सूरच बरा. मींड आक्का स्वतः घेतात, प्रत्येक शब्दावर, पेटीला न विचारता.

आमच्या भागात हे काही नवं नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं. परदेशी चालींची गीतं तेव्हाच आली. पण लोकांच्या ओठी बसली ती अभंगाची, कीर्तनाची, भजनाची वाट. नगरचे कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तनं करत, आणि कवी नारायण वामन टिळक तर आमच्या राहुरीतच राहून गेले. ज्यांना वाटतं की चर्चमध्ये पेटी म्हणजे तडजोड, त्यांनी थोडं मागं जाऊन बघावं.

कुणी घ्यावी? ज्यांच्याकडे गाणं सांगणारा एकच आहे, त्याची बोटं एकाच पट्टीला बसली आहेत, आणि गाणारे मात्र तऱ्हेतऱ्हेचे आहेत, त्यांनी डोळे मिटून घ्यावी. दुकानात बसून स्वतःच्या आवाजात गाऊन बघू नका. माझ्यासारखं होईल. सोबत एक म्हातारी बाई आणि एक जाड आवाजाचा माणूस न्या, त्यांना गायला लावा, आणि त्यांची पट्टी लिहून आणा. जो नीट शिकलेला वादक आहे, ज्याला कुठल्याही पट्टीवरून वाजवता येतं, त्याला साधी पेटी पुरेल. सात-आठ किलो आणि बरेच पैसे वाचतील. तेरा घरांचीही मिळते, ती आणखी जड, मला तिची गरज दिसली नाही. खोकं घेताना कडी तपासा. माझी दुसऱ्याच महिन्यात निघाली, आता सुतळीनं बांधतो.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो फुगलेल्या काळ्या पट्टीचा.

पेटी आता चर्चच्या कपाटात ठेवत नाही. माझ्या घरी, पलंगावर, गोधडीत असते. बायको म्हणते, नोकरीत असताना तिकिटाची पेटी उशाशी, आता ही. शनिवारी रात्री सून तिच्यावर बोटं फिरवते. तिला मी पाट सरकवायचा अजून शिकवलेला नाही, ती साध्या घरावरूनच काळी चार शोधते, पांढऱ्या-काळ्या पट्ट्या मिसळून. परवा मेघाचं गाणं तिनं पहिल्या कडव्यापर्यंत न अडखळता आणलं. अग्नीच्या तार गंधाराला बोट चुकलं, तर म्हणाली, "मामंजी, इथं तुम्ही हात उचलता ना?" मी म्हटलं, "इथं नाही गं, पुढच्या कडव्यात."